गाडी एका अंगाला ओढते तेव्हा

"गाडी जरा डावीकडे ओढतेय, पण चालतंय." हे वाक्य तुम्ही किती वेळा ऐकलं असेल! सांगणारा गाडी चालवत असतो, ऐकणारा शेजारी बसलेला असतो आणि दोघांनाही त्यात विशेष काही वाटत नाही. स्टिअरिंगवरचा हात नकळत उजवीकडे थोडा जोर देत राहतो, गाडी सरळ जाते आणि विषय तिथेच संपतो. पुढे कधीतरी टायर काढायची वेळ येते तेव्हा टायरवाला तो फिरवून दाखवतो. बाहेरून चांगला दिसणारा टायर आतल्या कडेला पार तारा दिसेपर्यंत घासलेला असतो.

मी शाळेत इतिहास शिकवला. शिक्षण बी.ए., तेही मराठी माध्यमातून. यंत्रांशी संबंध आला तो गाडी चालवण्यापुरता आणि गॅरेजमध्ये बाकावर बसून चहा पिण्यापुरता. पण गॅरेजच्या बाकावर बसून बसून एक गोष्ट लक्षात आली. चांगला मेकॅनिक आणि इतिहासाचा चांगला विद्यार्थी, दोघांचा पहिला प्रश्न एकच असतो : "कधीपासून?" म्हणून म्हटलं, या ओढण्याचा इतिहासच एकदा नीट मांडून बघू. कारण गाडी सरळ जाणं ही आपण गृहीत धरलेली गोष्ट आहे. ती तशी सोपी कधीच नव्हती.

सुरुवात आपल्या बैलगाडीपासूनच करू. १९७४ साली आत्ताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, प्रवरा नदीकाठच्या दायमाबादला ब्राँझच्या चार वस्तू सापडल्या. त्यांत दोन बैल जुंपलेला एक छोटा रथ आहे, साधारण ४५ सेंटीमीटर लांबीचा. मागे एक माणूस उभा आहे. त्याच्या काळाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत, पण पुष्कळ जण तो इसवी सनापूर्वी दोन हजार वर्षांच्या आसपासचा मानतात. त्या रथाकडे गाडीवाल्याच्या नजरेने बघा. दोन चाकं, मध्ये आस, लांब दांडी आणि पुढे जू. वळवण्यासाठी वेगळी यंत्रणा काहीही नाही. अगदी परवापरवापर्यंत आपल्या खेड्यांतल्या बैलगाड्या तत्त्वाने तशाच होत्या.

अशी गाडी सरळ कशी जायची? तर बैल सरळ जायचे म्हणून. सरळपणा बैलांच्या चालीत आणि गाडीवानाच्या कासऱ्यात होता. एक बैल तरणा आणि दुसरा थकलेला असला की गाडी एका अंगाला जायची. म्हणून शेतकरी बैलजोडी घेताना उंची आणि चाल जुळते का ते आधी बघायचा. जुळत नसेल तर ओझं जूवर जिथे बांधतात ती जागा जोरकस बैलाकडे थोडी सरकवायची, म्हणजे कमजोर बैलाला हलकं जातं. हे तरफेचं गणित आहे आणि ते कोणत्याही पुस्तकाआधी आपल्या शेतकऱ्याला ठाऊक होतं. गाडी ओढायला लागली तर कारणही समोर दिसायचं. बैल लंगडतोय, चाकाची धाव सैल झालीय, वंगण संपलंय, बस्स. कारण लपायला जागाच नव्हती!

खरी भानगड सुरू झाली ती चार चाकांची गाडी वळवायची वेळ आली तेव्हा. युरोपातल्या घोडागाड्यांत पुढची सगळी आसच मधोमध एका खिळ्यावर फिरायची. जास्त वळवली की गाडी कलंडायची भीती. शिवाय एक चाक दगडावर आपटलं की सगळी आस एका बाजूला झटका खायची. यावर एक कल्पना सुचली : आस स्थिर ठेवायची आणि पुढची दोन्ही चाकं आपापल्या खिळ्यावर वेगवेगळी फिरवायची. त्यातही वळताना आतलं चाक बाहेरच्यापेक्षा थोडं जास्त वळलं पाहिजे, कारण त्याचं वर्तुळ लहान असतं. उत्क्रांतिवाद मांडणाऱ्या डार्विनचे आजोबा इरॅस्मस डार्विन यांनी अठराव्या शतकाच्या मध्यावर असं काहीतरी करून पाहिलं होतं. पुढे म्युनिकच्या लँकेनश्पर्गर या गाडी बनवणाऱ्या कारागिराने ते पक्कं केलं आणि त्याच्या वतीने रुडॉल्फ अॅकरमन यांनी १८१८ मध्ये लंडनला पेटंट घेतलं. गंमत बघा, शोध एकाचा आणि नाव दुसऱ्याचं. आजही त्या रचनेला अॅकरमनचंच नाव आहे. इतिहासात असं नेहमीच होतं!

कार्ल बेंझ यांची १८८६ ची पहिली मोटार तर तीनचाकी होती, पुढे एकच चाक, आपल्या रिक्षासारखी. चार चाकांची गाडी समाधानकारक वळवायची कशी हे तोवर त्यांच्या मनासारखं सुटलं नव्हतं. १८९३ मध्ये ते सुटलं आणि मग त्यांची चारचाकी आली.

इथे आपल्या विषयाच्या मुळाशी आपण येऊन पोहोचतो. पुढची दोन चाकं वेगवेगळ्या खिळ्यांवर उभी राहिली, त्या दिवसापासून त्यांच्यात मतभेदाची सोय झाली. बैलजोडीतला जुना प्रश्न चाकांच्या जोडीत आला.

आता हेच थोडं सोपं करून सांगतो. सायकलचा पुढचा चिमटा बघा, तो थोडा पुढे झुकलेला असतो. चिमट्याची रेघ जमिनीपर्यंत नेली तर ती चाक टेकतं त्या जागेच्या थोडी पुढे पडते. त्यामुळे चाक त्या रेघेच्या मागे मागे फरफटत येतं आणि आपोआप सरळ व्हायला बघतं. मोटारीतही चाक ज्या रेषेभोवती वळतं ती अशीच कललेली ठेवतात. म्हणून वळण संपल्यावर स्टिअरिंग आपसूक मागे येतं. या कलाला गॅरेजमध्ये कॅस्टर म्हणतात. चाक समोरून बघताना आत किंवा बाहेर किती कललंय, तो कॅम्बर. आणि वरून बघताना दोन्ही चाकांची तोंडं किती आत वळली आहेत, तो टो. अलाइनमेंट, अलाइनमेंट म्हणतात ती या तिघांची.

यातली मेख अशी की प्रत्येक चाक आपल्या परीने गाडीला कुठेतरी ढकलतच असतं. डावं एकीकडे, उजवं दुसरीकडे. दोघांचा जोर सारखा असला की हिशेब शून्य होतो आणि गाडी सरळ जाते. म्हणजे सरळ जाणं हा एक तह आहे! एका बाजूचा जोर कमी-जास्त झाला की तह मोडतो आणि आपण म्हणतो, गाडी ओढतेय. कारण हवा असो, टायर असो, ब्रेक असो की वाकलेला एखादा दांडा असो, प्रश्न एकच : डाव्या-उजव्यात फरक कुठे पडला? आणि कधीपासून?

आता आपल्याकडे येऊ. मोटार परदेशातून यायची तोवर ती राजेरजवाड्यांची आणि साहेबांची होती. ती इथे बनावी असा ध्यास घेतला तो सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी. त्यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि मुंबईत कुर्ल्याला कारखाना उभा राहिला. सुरुवातीला अमेरिकन गाड्यांची जुळणी झाली, मग १९५० च्या दशकात इटलीच्या फियाटशी करार झाला. फियाट ११०० आली आणि मराठी मध्यमवर्गाने तिला घरचीच मानली. सत्तरच्या दशकात तिचं नाव प्रीमियर पद्मिनी झालं. २००० सालाच्या सुमारास तिचं उत्पादन थांबलं. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरात नोंदली गेली होती. तिची वीस वर्षांची मुदत संपली आणि २०२३ च्या ऑक्टोबर अखेर काळ्या-पिवळ्या पद्मिनीचा टॅक्सी म्हणून कारभार आटोपला. वर्तमानपत्रांत लोकांनी चक्क निरोपाचे लेख लिहिले.

या फियाटवर एक पिढी गाडी शिकली आणि 'ओढणं' म्हणजे काय तेही तिच्यावरच शिकली. चारही चाकांना ड्रम ब्रेक. आता ब्रेकचा इतिहास थोडक्यात असा. सुरुवातीच्या मोटारींत ब्रेक दांड्यांनी आणि तारांनी ओढले जायचे. प्रत्येक चाकाची तार वेगळी ताणायची. एक ढिली, एक घट्ट असं व्हायचंच आणि ब्रेक दाबला की गाडी आडवी धावायची. मग १९२० च्या दशकात तेलाचे ब्रेक आले. आपण शाळेत पास्कलचा नियम शिकवतो ना, बंदिस्त द्रवावरचा दाब सगळीकडे सारखा पोहोचतो, तोच हा. पायाने एकदा दाबलं की चारही चाकांपर्यंत सारखा दाब. वाटलं, तंटा मिटला.

पण नियम दाबापुरता आहे, घर्षणाची हमी तो देत नाही! ड्रमच्या एका लायनरला तेलाचा ओशटपणा लागला की तिथे ब्रेक धरत नाही. ड्रम ब्रेकची आणखी एक खोड म्हणजे फिरता ड्रम एका पट्टीला स्वतःहून आणखी आत खेचतो. त्यामुळे थोडासा फरक बराच मोठा होतो. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून गाडी काढली की एक ड्रम आधी सुकायचा, दुसरा नंतर, आणि पुढच्या चौकात ब्रेक मारला की गाडी शेजारच्या सायकलवाल्याकडे झेपावायची. म्हणून जुने ड्रायव्हर पाण्यातून बाहेर आल्यावर ब्रेकवर हलकासा पाय ठेवून थोडं अंतर जायचे. ती सवय त्यांना कुणी पुस्तकातून शिकवली नव्हती. पुढे डिस्क ब्रेक आले. त्यांत ही स्वतःहून खेचण्याची खोड नाही, म्हणून ते जास्त समतोल धरतात. शर्यतीच्या गाड्यांत ते १९५० च्या दशकात गाजले, आपल्या सर्वसामान्य गाड्यांच्या पुढच्या चाकांपर्यंत यायला बराच काळ गेला.

ब्रेकच्या बाबतीत एक उलटी गोष्ट लक्षात ठेवावी लागते. ब्रेक दाबल्यावर गाडी उजवीकडे ओढत असेल तर दुखणं बहुतेक वेळा डाव्या चाकात असतं. उजवं चाक आपलं काम करतंय, डावं करत नाहीये, म्हणून गाडी उजव्याभोवती फिरू बघते. म्हणजे प्रामाणिकपणे काम करणाऱ्याकडेच बोट दाखवलं जातं! याउलट ब्रेक न दाबताच गाडी ओढत असेल आणि थोडं अंतर चालून आल्यावर त्याच बाजूचं चाक जास्त तापलेलं असेल, तर त्या चाकाचा ब्रेक सुटत नाहीये, धरून राहतोय. एकाच ओढीची दोन कारणं, दोन वेगळ्या बाजूंना. फरक फक्त 'कधी' या शब्दाचा.

आता गाडी सोडून थोडं रस्त्याकडे बघू, कारण प्रत्येक वेळी दोष गाडीचाच असतो असं नाही. १९२७ साली सरकारने देशातल्या रस्त्यांचा विचार करायला एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते बॅरिस्टर मुकुंद रामराव जयकर. हेच जयकर पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. विद्यापीठाचं ग्रंथालय त्यांच्या नावाचं आहे, पण रस्त्यांशी त्यांचा संबंध पुष्कळांना माहीत नसतो. त्या समितीच्या शिफारशींतून १९२९ मध्ये रस्त्यांसाठी केंद्रीय निधी झाला आणि १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था. रस्ता कसा बांधावा याचे नियम ही संस्था ठरवते.

त्यातला एक नियम उताराचा. पाणी साचू नये म्हणून रस्ता मध्ये उंच आणि कडांना उतरता ठेवतात. डांबरी रस्त्याला साधारण दोन टक्के, कच्च्या रस्त्याला तीन-चार टक्के. आपण डावीकडून चालवतो, म्हणजे आपली गाडी जवळजवळ कायम डावीकडे कललेली असते. शिक्षकाच्या सवयीने गणित मांडतो. गाडी एक हजार किलोची धरा. दोन टक्के उतारावर तिला खाली खेचणारा जोर एक हजाराच्या दोन टक्के, म्हणजे वीस किलो वजनाइतका. वीस किलोंचं गव्हाचं पोतं सतत डावीकडून ओढतंय असं समजा! तेव्हा दुचाकीच्या गर्दीतून बाजूला सरकून रस्त्याच्या कडेने जाताना गाडी किंचित डावीकडे गेली तर लगेच घाबरू नये. पाणी ज्या दिशेला वाहतं, त्या दिशेला गाडीही जाणारच.

यातून एक सोपा नियम निघतो. डावीकडची किंचित ओढ रस्त्याची असू शकते. ती सपाट जागी तपासावी. पण आपल्या रस्त्यावर गाडी उजवीकडे, म्हणजे चढाच्या बाजूला ओढत असेल, तर रस्त्याला दोष देता येत नाही. ती गाडी त्याच दिवशी दाखवावी. वाऱ्याचंही तसंच आहे. जाताना एका बाजूला आणि येताना दुसऱ्या बाजूला ओढली, तर तो वारा.

आता टायर. १९४६ साली फ्रान्सच्या मिशेलिन कंपनीने रेडियल टायरचं पेटंट घेतलं. आज आपल्या मोटारींना बहुतेक तेच असतात. जास्त चालतात, रस्ता चांगला धरतात. पण त्यांच्या पोटात तारांचा एक पट्टा असतो. तो बनवताना किंचित एका बाजूला सरकला तर टायर सूक्ष्म प्रमाणात शंकूसारखा वागतो. घरी करून बघा : वर रुंद, खाली निमुळता असा पेला फरशीवर आडवा लोळवा. तो सरळ जातच नाही, गोल फिरतो. टायरचंही तेच. डोळ्यांना दिसत नाही, अलाइनमेंटच्या मशीनवरही दिसत नाही, पण गाडी ओढते.

याच शंकूचा आगगाडीला मात्र उपयोग होतो. १८५३ च्या १६ एप्रिलला बोरीबंदरहून ठाण्याला गाडी गेली हे आपण मुलांकडून पाठ करून घेतो. आगगाडीच्या चाकाचा काठ किंचित निमुळता असतो हे मात्र सांगायचं राहून जातं. एकाच आसेवर दोन शंकू विरुद्ध दिशांनी बसवलेले असतात, त्यामुळे चाकं एका बाजूला सरकली की आपोआप मध्यावर परत येतात. जोडी जुळलेली असली की जो गुण गाडी सरळ ठेवतो, तोच एका चाकात जास्त झाला की तिला वाकडी नेतो. बैलजोडीचीच गोष्ट पुन्हा!

मारुती १९८३ च्या डिसेंबरात आली आणि सामान्य माणसाच्या गाडीत इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना मिळू लागली. त्याआधीच्या फियाट आणि अँबॅसडरमध्ये ती मागच्या चाकांना मिळायची. आता तीच चाकं वळवणारी आणि तीच ओढणारी. त्यामुळे ओढण्याचा एक नवा प्रकार आला : अॅक्सिलरेटर दाबला की एका बाजूला, सोडला की सरळ. जोर डाव्या-उजव्या चाकाला सारखा पोहोचला नाही किंवा रबरी बुश ढिले झाले की असं होतं.

तर ही झाली कारणांची वंशावळ. आता तिचा उपयोग सांगतो.

आम्ही राहतो ते कर्वेनगर म्हणजे जुनं हिंगणे. अण्णासाहेब कर्व्यांनी १९०० साली आपला आश्रम इथे हलवला, तेव्हा पुण्यातून इथे यायला धड रस्ता नव्हता. फर्ग्युसनमध्ये गणित शिकवून ते चिखलातून पायी यायचे. आज त्यांच्याच संस्थेचं मुलींचं अभियांत्रिकी महाविद्यालय इथे आहे आणि इथल्या रस्त्यांवर गाड्यांना उभं राहायला जागा नाही. गाड्या वाढल्या तशी गल्लोगल्ली गॅरेजं झाली.

गेल्या पावसाळ्यानंतर माझ्या भाच्याची गाडी ब्रेक दाबला की उजवीकडे ओढू लागली. त्याने ती एका मोठ्या वर्कशॉपमध्ये नेली. तिथे अलाइनमेंट झाली, बॅलन्सिंग झालं, छापील तक्ता मिळाला, बिल झालं. ओढ होती तशीच. वर पुन्हा गेल्यावर सल्ला मिळाला की चारही टायर बदला. भाचा म्हणाला, "मामा, तुमचे ते गॅरेजवाले आहेत ना, त्यांना विचारू का?" आमच्या गल्लीतले ते मेकॅनिक साठी ओलांडलेले, फियाटवर हात बसलेले. त्यांनी बॉनेटला हातसुद्धा लावला नाही. मला म्हणाले, "सर, कधीपासून?" भाच्याने सांगितलं, गाडी पंधरा-वीस दिवस उभी होती, गावाहून आल्यापासून. "नुसती चालताना ओढते का ब्रेकला?" ब्रेकला. मग त्यांनी गाडी एक चक्कर मारून आणली, चार-पाच वेळा ब्रेक मारला आणि उतरून पुढच्या दोन्ही चाकांजवळ उलटा तळहात नेला. उजवं गरम, डावं त्या मानाने थंड. "डावं धरतच नाहीये." चाक काढलं तर ब्रेकच्या कॅलिपरची पिन गंजून अडकलेली. साफ करून, ग्रीस लावून बसवली. अलाइनमेंटचा तक्ता खोटा नव्हता. पण विचारलेल्या प्रश्नाचं ते उत्तर नव्हतं.

लॉकडाऊननंतरही हेच पाहिलं. २०२० च्या मार्चपासून महिनोन्‌महिने गाड्या उभ्या राहिल्या. बाहेर काढल्यावर कुणाचा ब्रेक चिकटलेला, कुणाच्या एका टायरची हवा गेलेली. त्या गाड्यांच्या ओढण्याला तारीख होती. तारीख विचारली की अर्धं काम होतं. नवे टायर घातल्यापासून? मग टायर बघा. खड्ड्यात आपटल्यापासून? मग दांडे, बुश आणि अलाइनमेंट. सर्व्हिसिंगनंतर? मग त्यांनी काय उघडलं होतं ते विचारा. हळूहळू, कधीपासून ते आठवत नाही? मग झीज.

त्या मेकॅनिककडून ऐकलेला क्रम इथे देतो. आधी चारही टायरची हवा, गाडी थंड असताना, कारण ओढ कमी हवेच्या बाजूला असते आणि हे काम फुकट होतं. मग टायर एकसारखे आहेत का, एका कडेने झिजलेत का ते बघावं. मग पुढचे दोन टायर डावं-उजवं बदलून बघावेत. ओढ बाजू बदलून गेली तर दोष टायरचा, जागची हलली नाही तर गाडीचा. (एकाच दिशेने फिरायचा बाण असलेले टायर मात्र असे बदलू नयेत.) मग ब्रेक. मग बुश, बॉल जॉइंट, टाय रॉड ढिले आहेत का. आणि अलाइनमेंट सगळ्यात शेवटी, कारण ढिल्या सांध्यांवर केलेली अलाइनमेंट पुढच्या खड्ड्यापर्यंतच टिकते. चाचणी सकाळी लवकर, मोकळ्या सपाट जागी आणि हात स्टिअरिंगजवळ ठेवूनच करावी. वाहत्या रस्त्यावर हात सोडून बघायचा खेळ कुणी करू नये.

आता मला खरी काळजी वाटते ती पुढची. १९८८ साली सुझुकीने जपानमध्ये एका छोट्या गाडीत विजेवर चालणारं पॉवर स्टिअरिंग आणलं. २००० नंतर ते आपल्याकडच्या लहान गाड्यांतही येत गेलं. सोय मोठी आहे, माझ्यासारख्या सत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या खांद्यांना तर फारच. पण फियाटचं जड स्टिअरिंग हाताला जे सांगायचं, ते हलकं स्टिअरिंग सांगत नाही. पुढची पायरी म्हणजे काही गाड्यांतली मोटर सततची ओढ ओळखून स्वतःच उलटा जोर देते. आणखी पुढची म्हणजे रस्त्यावरची पांढरी रेघ बघून गाडी स्वतःच मध्यात राहते. म्हणजे पूर्वी जे आपला हात नकळत करायचा, ते आता यंत्र नकळत करतं. गाडी सरळ जाते. टायर मात्र आतून घासतच राहतो. ब्रेकची पिन गंजतच राहते.

शहरात चाळीसच्या वेगाने ही चूक खपून जाते. पण २००२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला आणि पुण्यातला प्रत्येक गाडीवाला शंभराच्या वेगाचा प्रवासी झाला. ताशी शंभर म्हणजे सेकंदाला जवळजवळ अठ्ठावीस मीटर. एका कडेने तारा दिसेपर्यंत झिजलेला टायर, तापलेलं काँक्रीट, गाडीत चार माणसं. तिथे टायर फुटला तर 'चालतंय' म्हणायला वेळ मिळत नाही. आमच्यापासून जवळच वेताळ टेकडीवर एआरएआय ही वाहनांच्या चाचण्या करणारी संस्था १९६६ पासून आहे. ब्रेकच्या चाचणीत गाडी किती अंतरात थांबली एवढंच बघून भागत नाही, ती थांबताना आपली वाट सोडून गेली का हेही बघावं लागतं. ती चाचणी नव्या गाडीची असते. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत तीच चाचणी रोज घेणारा परीक्षक म्हणजे गाडी चालवणारा माणूस. त्याने 'चालतंय' म्हटलं की निकाल लागला!

बैलगाडीचा गाडीवान बैल एका अंगाला जायला लागला की उतरून खूर बघायचा. त्याच्याकडे दुसरा उपायच नव्हता. आपल्याकडे उपाय पुष्कळ आहेत, म्हणून आपण उतरत नाही.

असो. हवा तपासायला पाच मिनिटं लागतात. वाकून टायरच्या आतल्या कडेवरून हात फिरवायला एक मिनिट. येत्या रविवारी तेवढं कराच. आणि कुणी तुमच्या शेजारी बसून म्हणालं की गाडी जरा ओढतेय, तर त्याला विचारा, कधीपासून?